वही नसलेलं इंजिन

गेल्या आठवड्यात आमच्याच गावचा, खेड तालुक्यातला एक मुलगा खोलीवर आला. दुबईत नोकरीला लागून त्याला तीन वर्षं झालीत. त्याला जुनी जीप रँग्लर घ्यायची आहे, २००१ चं मॉडेल. मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाला, "चाचा, स्ट्रोकर आहे. चार पॉइंट सहा. इंजिन खोलून सगळं नवं टाकलंय. फक्त नऊ हजार किलोमीटर झालेत." विकणारा माझ्या ओळखीचा. त्याने ते इंजिन घरामागच्या शेडमध्ये स्वतः बांधलंय, हेही मला ठाऊक आहे. मुलाचा प्रश्न साधा होता : टिकेल का?

मी चहा ठेवला, घरच्यांची विचारपूस केली, विषय लांबवला. कारण या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग मी बरीच वर्षं कुणाला सांगितलेला नाही.

गाड्यांचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या भागातली किती तरी घरं शारजा, अजमान, मस्कतच्या गॅरेजांतल्या पगारावर उभी राहिली आहेत, पोरींची लग्नं झाली आहेत. त्या कमाईतली पुंजी कधी कधी अशाच एखाद्या हौसेच्या गाडीत जाते. मी स्वतः एकोणीस वर्षं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात पाने फिरवले. आता पाठ साथ देत नाही म्हणून स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो.

आधी स्ट्रोकर म्हणजे काय ते सांगतो. पिस्टन सिलिंडरमध्ये खालून वर जेवढा प्रवास करतो त्याला स्ट्रोक म्हणतात. क्रँक बदलून तो प्रवास वाढवला की इंजिन बाहेरून तेवढंच दिसतं, पण आतली जागा वाढते. जीपमध्ये हे सोपं पडतं, कारण अमेरिकन मोटर्स कंपनीने एकाच घराण्यातली दोन सहा सिलिंडरची इंजिनं बनवली. एक जुनं, १९७१ पासूनचं ४.२ लिटरचं. त्याचा बोर ९५ मिलिमीटर आणि स्ट्रोक जवळजवळ ९९. दुसरं १९८७ च्या चेरोकीत आलेलं आणि २००६ च्या रँग्लरपर्यंत चाललेलं ४.० लिटरचं. त्याचा बोर ९८.४, स्ट्रोक ८६.७. जुन्याची क्रँक नव्याच्या ब्लॉकमध्ये बसते. ब्लॉक तीस थाऊ बोर केला (गॅरेजच्या भाषेत थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) की हिशेब ४.६ लिटरवर येतो. जवळपास सोळा टक्के जास्त. क्रँक भंगारात मिळते, बाकीचं सामान काउंटरवर. म्हणून जगभर लोक हे घरी करतात, आणि इथे वाळूच्या नादाने जरा जास्तच करतात.

हे टिकतं का, यावर दोन ठाम मतं ऐकू येतात. एक म्हणतं, कारखान्याने केलं नाही ते तुम्ही केलंत, मोडणारच. दुसरं म्हणतं, मूळ ४.० तीन-तीन लाख किलोमीटर जातं, तोच ब्लॉक आहे, काही होत नाही. मला दोन्ही मतं आळशी वाटतात. इंजिनात नेमकं काय बदललं ते पाहू.

क्रँकचा हात सहा मिलिमीटरने लांब झाला. मग कनेक्टिंग रॉडही जुन्या इंजिनाचाच, सहा मिलिमीटरने आखूड घालतात, नाहीतर पिस्टन ब्लॉकच्या वर डोकं काढेल. पण रॉड आखूड आणि स्ट्रोक लांब झाला की फिरताना रॉड जास्त तिरपा होतो. मूळ ४.० मध्ये रॉडची लांबी स्ट्रोकच्या १.७९ पट आहे, इथे ती १.५१ पट उरते. तिरपा रॉड पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर जास्त जोराने दाबतो. ४.० च्या पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, हा तसाही त्या इंजिनाचा नाजूक भाग. जुन्या चेरोकीत सकाळी थंड इंजिनातून जी टकटक येते ती बहुतेक वेळा त्याचीच. यावर उपाय आहे : मूळचे लांब रॉड ठेवायचे आणि बुटके पिस्टन खास मागवायचे. त्याला पैसे पडतात. घरगुती कामात हात आखडतो तो इथेच.

दुसरी गोष्ट वेगाची. मूळ इंजिन ५,२०० फेऱ्यांवर असताना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो. स्ट्रोकरमध्ये तोच वेग ४,५६० फेऱ्यांवर गाठला जातो. डॅशबोर्डवरची लाल रेघ मात्र कुणी हलवत नाही. खरं तर स्ट्रोकरची मजा खालच्या फेऱ्यांत आहे. हात्ताच्या वादीत दगडांवरून पहिल्या गिअरमध्ये गाडी म्हशीसारखी शांत चालते, पाय पेडलवर ठेवायलाही लागत नाही. पण आमचे भाई ती घेऊन अल बदायरच्या बिग रेडवर जातात आणि पाय फळीपर्यंत दाबतात. जोर वाढला म्हणजे इंजिन कमी फिरवावं लागेल, हा खरा फायदा. तो घ्यायचं सोडून ते जास्त फिरवतात. अशा इंजिनाचं आयुष्य मोजताना ते कोणी बांधलं याइतकंच ते कुठे चाललं हेही विचारायला हवं.

तिसरी गोष्ट पिंगिंगची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त इंजिनं हीच खाते. पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्यात आणि हेडच्या सपाट भागात साधारण एक मिलिमीटर अंतर असावं, म्हणजे मिश्रण नीट ढवळलं जातं. कारखान्याचे पिस्टन, आखूड रॉड आणि कारखान्याच्या जाडीचं गॅस्केट घातलं तर हे अंतर दोन मिलिमीटरपर्यंत जातं. वर कॉम्प्रेशन वाढलेलं. ऑगस्टचा महिना, ४५ डिग्री तापमान, आणि पैसे वाचवायला टाकीत ९१ चं ई-प्लस. मग पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट न पाहता भडकतं. छोट्या हातोडीने पत्र्यावर मारल्यासारखा आवाज येतो, पण मड टायरच्या घरघरीत, एसीत आणि गाण्यांत तो ऐकतो कोण? त्यात भर इंजेक्टरची. हळू चालवताना कंप्युटर ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून पेट्रोल वाढवून घेतो. पाय पूर्ण दाबला की तो त्या सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि छापील आकड्यांवर चालतो. ते आकडे ४.० लिटरचे. सोळा टक्के जास्त हवा आणि पेट्रोल जुन्याच मापाचं, तेही नेमकं सगळ्यात जास्त ओझ्याच्या वेळी.

लांब सहा सिलिंडरच्या क्रँकला पीळ बसतो, तो जिरवायला पुढच्या टोकाला रबरी बॅलन्सर असतो. तो वीस वर्षं जुना असेल तर त्यातलं रबर मेलेलं असतं. नव्या इंजिनावर जुना बॅलन्सर मी इतक्यांदा पाहिलाय की आता हसू येतं. आणि वाळू. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप ढिली असली तर बाकीचं सगळं बोलणं फुकट आहे.

यातली एकही गोष्ट गुपित नाही. प्रत्येकीवर उपाय आहे आणि तो काउंटरवर मिळतो. म्हणून स्ट्रोकर ही जातच टिकत नाही, हे मला मान्य नाही. पण मग इतकी इंजिनं का जातात? इथे मला माझ्या दडवलेल्या गोष्टीकडे यावं लागतं.

२०११ चा रमजान ऑगस्टमध्ये आला होता. माझ्या रूममेटकडे १९९९ ची चेरोकी होती. आम्ही दोघांनी मिळून तिचं इंजिन ४.६ करायचं ठरवलं. बांधणार मी, पैसे त्याचे. क्रँक भंगारातून आणली, ग्राइंडिंगला दिली, दहा थाऊ कमी होऊन आली. त्याची बायको-मुलं ईदला गावाहून यायची होती, गाडी त्याआधी रस्त्यावर हवी होती. तरावीहनंतर शेडमध्ये काम, सहरीपर्यंत. घाम क्रँकवर पडू नये म्हणून मी डोक्याला पंचा गुंडाळायचो.

बेअरिंग आणि क्रँक यांच्यात तेलासाठी जी फट असते ती एक ते अडीच थाऊ. माणसाच्या केसापेक्षा कमी. ती मोजायला प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा असतो. तो मधे ठेवून बेअरिंग कॅप आवळायची, पुन्हा खोलायची, चेपलेल्या धाग्याची रुंदी पट्टीवर पाहायची. वेळखाऊ काम. या इंजिनात क्रँकची मुख्य बेअरिंगं सात आणि रॉडची सहा. मी मुख्य चार मोजली, रॉडची दोन. सहाही बरोबर निघाली. धागा संपला होता, दुकान सकाळी उघडणार होतं, आणि बेअरिंगच्या खोक्यावर आकडा छापलेला होताच. उरलेली सात मी तशीच आवळली.

इंजिन सुरेख चाललं. चौदा महिने चाललं. आम्ही शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला बॉनेट उघडून दाखवायचो. २०१२ च्या बकरी ईदच्या सुट्टीत तो बायको आणि दोन मुलांना घेऊन लिवाला गेला, मोरीबचा डोंगराएवढा ढिगारा दाखवायला. परत येताना खालून ठोका सुरू झाला. त्याने गाडी थांबवली, तेल पाहिलं, तेल होतं. मला फोन केला. मी म्हणालो, हळू हळू आण. हा माझा दुसरा गुन्हा. पंधरा-वीस मिनिटांनी रॉड ब्लॉकमधून बाहेर आला. धाकटी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. रिकव्हरी यायला तीन तास लागले आणि तेवढा वेळ ती चौघं गाडीच्या सावलीत बसून होती. पाणी होतं, कुणाला काही झालं नाही. पण गावच्या घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले पैसे त्याने त्या इंजिनात घातले होते, आणि स्लॅब पुढे तीन वर्षं पडला नाही.

इंजिन मी खोललं. पाचव्या रॉडचं जर्नल, म्हणजे क्रँकवरचा तो गोल भाग जिथे रॉड बसतो, करपलेलं होतं, त्यातून काही कळेना. मग शेजारचं चौथं मायक्रोमीटरने मोजलं. एका कडेला एक माप, दुसऱ्या कडेला दोन थाऊ कमी. ग्राइंडिंगवाल्याने ते निमुळतं सोडलं होतं. चौथं आणि पाचवं, दोन्ही मी न मोजलेल्यांपैकी. चूक त्याच्या मशिनची होती, हे खरं. पण ती पकडणं हे बांधणाऱ्याचं काम, आणि बांधणारा मी होतो. आणखी एक धागा घ्यायला सकाळपर्यंत थांबलो असतो तर क्रँक त्याच दिवशी परत गेली असती.

रूममेट सगळीकडे सांगत फिरला, "जीपचं स्ट्रोकर घेऊ नका, बोगस असतं." मी शेजारी बसून मान हलवायचो. त्याने मला कधी दोष दिला नाही, कारण त्याला माहीतच नव्हतं. ते मोजमाप मी त्याला या महिन्यात, हा मुलगा येऊन गेल्यावर, फोनवर सांगितलं. तो आता गावी असतो. थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंस तर मी दुसरं बांधलं असतं." या वाक्यावर मी अजून विचार करतोय.

माझं म्हणणं असं आहे की घरी बांधलेल्या इंजिनांबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे ते अशाच साक्षींवर उभं आहे. ज्याचं इंजिन दोन हजार किलोमीटर चाललंय तो सर्वांत मोठ्याने बोलतो. ज्याचं मोडलं तो क्रँकला, पेट्रोलला, उन्हाला, जीप कंपनीला दोष देतो किंवा गप्प बसतो. आणि ज्याने बांधलं तो, माझ्यासारखा, मान हलवतो. अशा बोलण्यातून टिकतं की नाही हे ठरवताच येत नाही. कारखान्यातून एकाच मापाची लाखो इंजिनं बाहेर पडतात, म्हणून तिथे जातीबद्दल बोलता येतं. घरी बांधलेलं प्रत्येक इंजिन एकुलतं एक असतं. त्याच्याबद्दल बोलायचं तर त्याचीच मापं हवीत.

माझे अब्बा खेड-दापोली रस्त्यावर महिंद्रची जीप चालवायचे, प्यूजो डिझेल इंजिनाची. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण गाडीत एक वही असायची : तेल कधी बदललं, कोणता नोझल कधी साफ केला, बेअरिंग कुठून आणलं, किती दिले. जीप विकली तेव्हा वही गाडीबरोबर दिली. घेणाऱ्याने विचारलीही नव्हती. आम्हाला तेव्हा ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटली. मी शारजात एकोणीस वर्षांत शेकड्यांनी इंजिनं बांधली आणि एकाचीही वही ठेवली नाही.

उलट उदाहरणही पाहिलंय. आमच्या गल्लीत एक पठाण उस्ताद होते, आता मुलखात परत गेले. त्यांच्या स्वतःच्या रँग्लरमध्ये ४.६ होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत ते दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलं. कॅम साधा, इंजेक्टर मोठे, पिस्टन खास मागवलेले, पेट्रोल नेहमी ९८, आणि ४,५०० च्या वर काटा कधी नाही. पोरं त्यांना हसायची की एवढं करून आजोबांसारखी चालवता. पहिल्यांदा सुरू केलं त्या रात्री त्यांनी ते आयडलवर सोडलं नाही, वीस-पंचवीस मिनिटं दोन हजारांवर धरून ठेवलं, कारण या जुन्या पद्धतीच्या इंजिनात नवा कॅम आणि टॅपेट सुरुवातीला तेलाच्या उडणाऱ्या फवाऱ्यावर जगतात, आणि आयडलवर तो पुरत नाही. अख्खी गल्ली शिव्या घालत होती. त्यांच्या खिशात उर्दूत लिहिलेली छोटी डायरी असायची. तेराही बेअरिंगांची मापं त्यात होती, दोन-दोन ठिकाणी घेतलेली. ते घरीच बांधलेलं इंजिन होतं. म्हणून मी घरगुती कामाला नावं ठेवत नाही. दर तासाला नवी गाडी घेणाऱ्या गॅरेजपेक्षा स्वतःच्या इंजिनावर तीन महिने घालवणारा माणूस चांगलं काम करू शकतो, फक्त त्याला ईदची तारीख नसावी.

माझं मत आता असं झालंय की ज्याला दुसऱ्याची बायको-मुलं बसतील अशी गाडी विकायची आहे, त्याने वही द्यावी. त्यात प्रत्येक बेअरिंगची फट, प्रत्येक रिंगचा गॅप, पिस्टन आणि भिंतीतलं अंतर, गॅस्केटची जाडी, इंजेक्टर कोणते, कॅम कोणता. वही नसेल तर ते इंजिन नऊ हजार किलोमीटरचं नव्हे, अज्ञात किलोमीटरचं समजावं आणि तशीच किंमत द्यावी. काही मित्र म्हणतील, एवढं कोण लिहितं. ज्याने मोजलंय त्याला लिहायला दहा मिनिटं लागतात. ज्याने मोजलेलं नाही त्यालाच ते जड वाटतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे वाचून भंगारात क्रँक शोधायला जाऊ नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येणार नाही हे स्पष्ट केलंय. इथेही परवानगीशिवाय इंजिनात फेरफार केला तर दंड होतो, गाडी जप्त होते. कागद आधी, मग पाना.

त्या मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या. आधी माझी सगळी हकीकत. मग विकणाऱ्याला काय विचारायचं ते. त्याने फोन केला. विकणारा म्हणाला, वही-बिही काही नाही, भाई, माझ्या जबानीवर घे. मुलाचा चेहरा पडला. मी फोन घेतला आणि विचारलं, तेलाचं पॅन उतरवून दोन-तीन कॅप काढून पाहू देशील का? गॅस्केटचा खर्च आमचा. तो जरा घुटमळला, मग हो म्हणाला. हेही सांगितलं की हेड पाहणार, कारण २००१ च्या गाडीला बहुधा ते ०३३१ नंबरचं हेड असतं, आणि त्यातली काही तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मधे तडकतात. तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्यांत चकाकी आहे का ते पाहायचं. इंजिन पुरतं तापल्यावर आयडलवर तेलाचा दाब तेरा पीएसआयच्या खाली जातो का ते खऱ्या गेजने बघायचं, डॅशबोर्डवरच्या काट्याने नाही.

शुक्रवारी जुम्म्यानंतर जायचं ठरलंय. मायक्रोमीटर माझा आहे, प्लास्टिगेजची दोन पाकिटं काउंटरवरून घेतली आहेत. मुलाला सांगितलंय, जुने कपडे घालून ये आणि एक वही आण.